दारातली मिठी

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दारू सोडलेली पाच माणसं राहतात. त्यांच्यावर कुणी डॉक्टर नाही की साहेब नाही; स्वयंपाक, भांडी, एकमेकांवर नजर ठेवणं, सगळं त्यांचं तेच बघतात. संध्याकाळी एकेक जण कामावरून येतो, तेव्हा आतला कुणीतरी दारातच त्याला घट्ट मिठी मारतो. मला वाटायचं, काय प्रेम आहे! एकदा त्यांच्यातले सदाभाऊ हसून म्हणाले, "प्रेम कसलं? तोंडाचा वास घेतो."

तेव्हापासून ती मिठी मला जास्तच आवडायला लागली. मी घरी येतो तेव्हा टीव्हीवरून कुणाची मानही वळत नाही. या दुर्लक्षाला आम्ही विश्वास म्हणतो.

काल सोसायटीचे चेअरमन त्यांना फ्लॅट सोडायला सांगायला गेले. बेवड्यांमुळे बिल्डिंगचं नाव खराब होतं, असं गच्चीवरच्या पार्टीत ठरलं होतं, आणि साहेब तिथूनच उठून आले होते. बेल वाजली. आपल्यातलाच कुणी आला असं समजून सदाभाऊंनी दार उघडताच मिठी मारली आणि क्षणभर तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, "आज एकटे राहू नका. आत या, चहा टाकतो."

चेअरमन असे भडकले की सगळा जिना गोळा झाला.

महिनाअखेर ती माणसं जातील. बिल्डिंग पुन्हा सभ्य होईल. कोण पिऊन आलंय, हे दारात कुणी बघणार नाही.