तापलेलं चाक
आज गाडी चालवताना पुढच्या ट्रकच्या जळक्या ब्रेकचा वास आला आणि दिल्लीच्या मयूर विहारमधली ती दुपार आठवली. आमची गाडी फार पेट्रोल पीत होती. "दादा, वहिनी क्लचवरचा पाय काढतच नाहीत. चावी काढून घे," असं धाकट्या दिराने नवऱ्याला सांगितलं आणि माझं चालवणं बंद झालं. त्या रविवारी दीर स्वतःच गाडी घेऊन दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला, जाऊन आला. मी हवा तपासली, फिल्टर पाहिला, दोन्ही ठीक. न्यूट्रलमध्ये ढकलली, तर गाडी हलेना. मागच्या चाकातून धग येत होती. हँडब्रेकची तार महिन्यापूर्वी त्यानेच हौसेने आवळली होती, तेव्हापासून ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता आणि पेट्रोल त्यातच जळत होतं. "भावोजी, इथे जरा हात लावा ना." "अरे यार!" तो बोटं झटकत ओरडला. नवऱ्याने चावी माझ्या हातात दिली. चाक किती तापलंय, हे मला ठाऊक होतं. आज तो वास आत यावा म्हणून मी गाडीची काच आणखी खाली केली.