कमलआत्याची घडीची खुर्ची

"त्या बर्मिंगहॅमच्या नर्सबाई गेल्या म्हणे. त्याच गं, सारखं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सांगायच्या त्या."

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सच्या कम्युनिटी हॉलच्या किचनमध्ये मुग्धाताई खिचडीवर कोथिंबीर भुरभुरवत शेजारच्या बाईंना सांगत होत्या. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. मी सिंकपाशी पाठमोरी, कप विसळत होते. नर्सबाईंना जाऊन तीन आठवडे झाले होते. शेवटच्या दिवशी त्यांच्या उशाशी मी होते, हे त्या किचनमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

कमल गजभिये ही माझी सख्खी आत्या. नागपूरहून नर्स म्हणून आली, रिटायर होईपर्यंत बर्मिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात राहिली, लग्न केलं नाही. सुरुवातीला वॉर्डातले काही गोरे पेशंट तिचा हात लागू द्यायचे नाहीत. ते अपेक्षितच होतं, म्हणायची. पण हॉस्टेलमधली मराठी मैत्रीण आडनाव कळल्यावर आपली भांडी वेगळ्या कपाटात ठेवायला लागली, त्या दिवशी मात्र आत्या जेवली नाही. तेव्हा तिच्या वॉर्डातल्या जमैकन सिस्टरनं तिला अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचं एक पुस्तक दिलं. "त्यातल्या बाया मला आपल्या वस्तीतल्याच वाटल्या," ती सांगायची. "भाषणं पुरुषांची. पत्रकं काढणाऱ्या, डबे भरणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या बाया मात्र फोटोच्या कडेला."

नोकरीसाठी इकडे आल्यावर मी दर रविवारी ट्रेनने तिच्याकडे जायचे. ती जवळच्या बुद्धविहारात मुलांचा वर्ग घ्यायची. अमेरिकेत तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांना काही हॉटेलांच्या काउंटरपाशी बसून खायला मनाई होती. तिथे जाऊन शांतपणे बसायचं, तर आधी त्याची तालीम करावी लागे... कोणी शिव्या देईल, ढकलेल, डोक्यावर साखर ओतेल, तरी उठायचं नाही, हात उचलायचा नाही. तीच तालीम आत्या मुलांकडून करून घ्यायची. घरून आपली लाकडी घडीची खुर्ची आणायची, एकाला तिच्यावर बसवायची, बाकीच्यांनी ओरडायचं. एकदा मला बसवलं. "ओये, मूव्ह! धिस इज नॉट युअर सीट!" मुलं कानाशी किंचाळली. एकीनं वेणी ओढली. मी ढिम्म. मग आत्या पुढे आली आणि हळदीकुंकवाला आल्यासारख्या गोड आवाजात म्हणाली, "छान बोलता हो तुम्ही. आडनाव काय म्हणालात?"

मी कधी उठले, मलाच कळलं नाही.

मुलं खिदळली. आत्या हसली नाही. "बस न परत," एवढंच म्हणाली. मी बसले नाही. तिला माहीत होतं. शाळेत एका मुलीनं माझं आडनाव ऐकून "म्हणजे तुझी ॲडमिशन कोट्यातली," असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. तेव्हापासून जमेल तिथे मी आडनाव गाळत आले. मंडळाच्या फॉर्मवरही आडनावाच्या जागी बाबांचं नाव लिहिलं. हे काही खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

गेल्या वर्षी महिला दिनाला याच मंडळानं आत्याला बोलायला बोलावलं. चहाच्या वेळी मुग्धाताई मला तिच्यापुढे घेऊन गेल्या. "तुम्ही ओळखता का एकमेकींना?" मी म्हणाले, "नाही." आत्यानं हातातला कप बशीत ठेवला. मग ती म्हणाली, "नाही हो, आजच भेटतोय. काय करतेस बाळा तू?" मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, असं मी माझ्या आत्याला सांगितलं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. वाटलं, आता बोलेल. तिनं विचारलं, "जेवलीस का? रविवारी ये, वांग्याची भाजी करते." मी गेले. तिनं खरंच वांग्याची भाजी केली होती. तो विषय तिनं कधीच काढला नाही, आणि मला काढता आला नाही. हॉस्पिटलात शेवटी तिला बोलता येत नव्हतं. तेव्हा मी सॉरी म्हणाले... पण इतकं हळू, की तिला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही.

तिचा फ्लॅट रिकामा करताना मी फक्त ती खुर्ची घेतली. ट्रेनमध्ये मांडीवर आडवी धरून आणली. आता ती माझ्या खोलीत खिडकीपाशी उघडून ठेवली आहे. तिच्यावर मी कपडे टाकत नाही. बसलेलेही नाही.

किचनमध्ये मी नळ बंद केला, तरी मुग्धाताईंचं चालूच होतं. "एकट्याच होत्या बिचाऱ्या. कोणी नव्हतं म्हणे त्यांचं." मग माझ्याकडे वळून, "तू भेटली होतीस ना गं त्यांना, गेल्या वर्षी?"

भिंतीशी प्लास्टिकची एक खुर्ची होती. मी हात पुसले आणि तिच्यावर जाऊन बसले.

"कोणी नव्हतं असं नाही," मी म्हणाले. "मी होते. ती माझी आत्या. मी पण गजभियेच."