विहिणीला ‘सी’ म्हणताना

तीन वर्षांपूर्वी मी तरुण होते, सदुसष्टची. त्या वयाच्या पोरींना असतो तसला शिष्टपणा माझ्यातही होता. आपल्याला काही येत नाही हे चारचौघांत कळू द्यायचं नाही, हा माझा नियम. त्या नियमापायी, मुलाच्या लग्नाच्या सकाळी, स्पेनमधल्या बुर्गोस नावाच्या शहरात मी एका पार्लरच्या खुर्चीत बसून प्रत्येक प्रश्नाला ‘सी’ म्हणत गेले आणि कमरेपर्यंतची वेणी तिथेच ठेवून आले.

‘सी’ म्हणजे हो. माझी विहीण पिलार मला हौसेनं हात धरून तिथे घेऊन गेली होती. ती काहीतरी विचारायची, मी हसून ‘सी’ म्हणायचे, मागची मुलगी कात्री चालवायची. मानेला गार वारा लागला तेव्हा आरशात पाहिलं. पिलारनं आणखी काहीतरी विचारलं, बहुधा ‘आवडलं ना?’ मी म्हणाले, ‘सी.’ लग्नाच्या फोटोंत मी शाळेतून पळून आलेल्या मुलासारखी दिसते. जळगावला परतल्यावर शेजारणींना सांगितलं, तिकडे मुलाच्या आईनं केस कापायची पद्धतच आहे. त्यांचा विश्वास बसला.

मात्र त्या लग्नानंतर पिलार तुटक झाली. सणाला एका ओळीचा निरोप, वाढदिवसाला फुलाचं चित्र, बास. मुलगा प्रसाद म्हणे, ‘आई, त्या तशाच आहेत.’ ज्या बाईनं मला हात धरून नेलं ती तशीच कशी असेल? पण विचारणार कसं? माझ्याजवळ एकच शब्द, आणि तोही ‘हो’. मग कळलं, इंग्रजीत विहिणीला धड शब्द नाही, पण स्पॅनिशमध्ये आहे: कोन्सुएग्रा. म्हटलं, ज्या भाषेत विहीण आहे त्या भाषेत विहिणींचे रुसवेफुगवेही असणार. शिकायला घेतली.

या जानेवारीत प्रसाद, सूनबाई इरेने आणि पिलार जळगावला आले. प्रसादला त्याच्या मित्रांनी वेढलं, इरेनेला माझ्या भाच्यांनी. मी पिलारला दोन दिवस मागून घेतलं. सोनगीरजवळ माझं सासर आहे, तिथे तिला न्यायचं आणि ती माझ्यावर का रुसली आहे हे तिच्याच तोंडून ऐकायचं. मध्ये दुभाषा नाही. मोबाईलही पिशवीत. तो मध्ये आला की दोघी त्याच्याकडेच बघत बसतो आणि तोच दोघींची विहीण होऊन बसतो.

रफिकभाऊ गाडी घेऊन सकाळीच आला. जळगाव मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीची शेतं लागली. पिलार त्यांच्याकडे बोट दाखवून धबधब्यासारखं बोलली. स्पॅनिशची पहिली अडचण हीच. पुस्तकात शब्द सुटे सुटे बसलेले असतात, माणसाच्या तोंडून ते एकमेकांचे हात धरून पळत येतात. तीन वर्षांपूर्वीची पोरगी इथे ‘सी’ म्हणाली असती. मी म्हणाले, ‘नो एंतिएंदो.’ समजलं नाही.

पिलारनं वळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू शेजारच्या सीटवर दुसरीच बाई बसली आहे.

‘ओत्रा बेथ,’ मी म्हणाले. पुन्हा एकदा. ‘देस्पाथियो.’ सावकाश.

ती सावकाश बोलली. एका झाडाला घड किती वेळा येतो, असं विचारत होती. एकदाच येतो आणि मग झाड कापतात, हे मला माहीत होतं, सांगायला क्रियापद नव्हतं. मी म्हटलं, ‘एक’, आणि मानेवरून हात फिरवला. रफिकभाऊनं आरशातून पाहिलं. ‘मावशी, पाहुण्यांना घाबरवू नका. पहिलाच दिवस आहे.’

धरणगावला माझ्या मावसबहिणीच्या शेतात दुपारचं भरीत होतं. बांधावर पऱ्हाट्यांचा (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काटक्यांचा) जाळ, त्यावर हिरवी मोठी वांगी. पिलारनं वांगं उचललं आणि म्हणाली, ‘बेरेन्हेना.’ मी ‘वांगं’ म्हटलं. धूर, राख, मिरची, कळण्याची भाकरी, एकेक वस्तू अशी दोन नावांनी पानावर येत गेली. भाषा अशी शिकावी. पहिलं वर्ष मी क्रियापदांचे तक्ते पाठ करण्यात घालवलं होतं. भूतकाळाचे सगळे प्रकार झोपेत म्हणून दाखवायचे, पण तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं. चूक होईल म्हणून वाक्य मनात घासूनपुसून होईपर्यंत समोरचा माणूस जेवून हात धुवायचा. शेवटी इरेनेनं फोनवर दम भरला, ‘आई, रविवारी स्वयंपाक करताना बोलायचं, हातात जे असेल त्याचं.’ तेव्हा तोंड उघडलं. बाकी भाषेचा बागुलबुवा फार नाही. त्यांचे त, द आपल्यासारखेच मऊ आहेत. त्यांचा दणदणीत ‘र्र’ बैल हाकणाऱ्या घरातल्या बाईला कोण शिकवणार? वस्तूंना त्यांच्यात दोनच लिंगं, आपण तीन सांभाळत मोठे झालो. तीनातलं एक खाली ठेवलं की झालं.

आत्मविश्वास असा वाढला की धुळ्याला पोचेपर्यंत उतू गेला. हॉटेलात शेवभाजी आली. लाल तर्री पाहून पिलारनं विचारलं, ‘पीका?’ तिखट आहे का? मी ठामपणे ‘नो’ म्हटलं. खानदेशाच्या मानानं ती खरंच तिखट नव्हती. पहिल्या घासाला तिचे डोळे भरले, दुसऱ्याला नाक, आणि तिनं पाण्याचा जग तोंडाला लावला. रफिकभाऊ धावत जाऊन दही घेऊन आला. ‘मावशी, तुमची भाषा बरोबर आहे, जीभ चुकीची आहे,’ तो म्हणाला. एवढं होऊनही पिलारनं ताट संपवलं. बाईत दम आहे, मी मनात नोंदवलं.

धुळ्यापासून पुढे सोनगीरचा किल्ला हायवेवरूनच दिसायला लागतो. किल्ला दिसला की अजूनही मी पदर सावरून बसते. माझं माहेर कोल्हापूरचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा इथली अहिराणी मला स्पॅनिशइतकीच परकी होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘तुले भाकरी येस का?’ (तुला भाकरी येते का?) मला त्यातलं ‘भाकरी’ तेवढं कळलं, वाटलं, खाणार का विचारतात. मी पदर सावरून म्हटलं, ‘हो.’ दुसऱ्या दिवशी ज्वारी कापणाऱ्या सगळ्या माणसांच्या भाकरी माझ्यावर आल्या. कोल्हापुरातल्या त्या विद्वान मुलीनं तोवर फक्त पोळ्या लाटल्या होत्या. भाकरी थापण्याऐवजी मी ती लाटली आणि तव्यावर पोचेपर्यंत तिचे जिल्हे आणि तालुके वेगळे झाले. थोरली जाऊ लीलाक्का चुलीपुढे बसून पोट धरून हसली. मग तिनंच पीठ हातात घेतलं आणि म्हणाली, ‘समजनं नही तं सांग. लोके हासतीन. हासू दे.’ (समजलं नाही तर सांग. लोक हसतील. हसू दे.)

अहिराणी मी त्या एका वाक्यावर शिकले, आणि तरीही बुर्गोसला जाऊन पुन्हा ‘हो’ म्हणत बसले. काही मुली मार खाल्ल्याशिवाय शिकत नाहीत, माझ्यासारख्या दोनदा खातात.

लीलाक्का आता ऐंशीला टेकली आहे. अंगणात चुलीवर उपडं खापर तापत होतं आणि ती मांडे करत होती. मांडा म्हणजे खानदेशी पुरणपोळी. लाटायची नाही, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत परातीएवढी करायची आणि खापरावर टाकायची. गल्लीतल्या बाया आधीच जमल्या होत्या. पिलार चपला काढून सरळ चुलीपाशी बसली आणि तिनं हात पुढे केले. लीलाक्कानं तिच्या हातावर मांडा दिला. तो कोपरापर्यंत गेला आणि फाटून पुरण मांडीवर सांडलं. बाया हसल्या, पिलारही हसली.

आता आमच्याकडे विहिणीला टोमणे मारल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. ज्या विहिणीची कोणी थट्टा करत नाही ती परकी. लीलाक्कानं मान राखला. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘इनी पोर आम्हना पोर्‍याले लई गई, आनी आते ही जेवाले उनी.’ (हिची मुलगी आमच्या मुलाला घेऊन गेली आणि आता ही जेवायला आली.)

बठ्ठ्या (सगळ्या) बाया खो खो हसल्या. पिलारनं मला विचारलं, ‘के दीथेन?’ काय म्हणतात?

मांडे छान झालेत म्हणतात, असं सांगता आलं असतं. तेवढे शब्द होते माझ्याजवळ. पण मी खरं ते सांगितलं, मोडक्यातोडक्या भाषेत: तुझी मुलगी आमचा मुलगा घेऊन गेली, असं म्हणतात.

तिचा चेहरा उतरला. मांडीवरचं पुरण तिनं हळूहळू पुसलं, मग मान खाली घालून काहीतरी बोलली. भराभर. त्यात लग्न होतं, मुलगा होता, आणि ‘सी’ होतं. ‘सी’ मला नीट ऐकू आलं.

‘नो एंतिएंदो,’ मी म्हणाले. ती पुन्हा बोलली. पुन्हा मी तेच म्हणाले. अंगणातल्या सगळ्या बायांसमोर तिसऱ्यांदा ‘समजलं नाही’ म्हणताना कान तापले, पण लीलाक्का समोर होती. तिसऱ्यांदा पिलार एकेक शब्द ठेवत बोलली, जसं कोणी ओट्यावर भांडी मांडावीत.

‘लग्नाच्या रात्री मी तुम्हाला विचारलं होतं. माझ्या मुलीनं तुमचा मुलगा इकडे ठेवून घेतला, तुम्हाला माझा राग येतो का? तुम्ही हसलात. म्हणालात, हो. मी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, हो. मग मी कुठल्या तोंडानं तुम्हाला फोन करणार होते?’

मला काय काय सांगायचं होतं. सगळे तक्ते एकदम आठवले आणि एकही कामाला आला नाही. मी उठले, माझी पुन्हा वाढवलेली वेणी हातात धरली आणि तिच्यापुढे नाचवली. ‘पेलो,’ मी म्हणाले. केस. ‘पार्लर. तू बोलणे. मी सी. तू बोलणे, मी सी. कात्री.’ बोटांनी मानेवर कात्री चालवली. ‘मला पाहिजे होतं? नो. मला समजणे? नादा.’ नादा म्हणजे काहीही नाही. ‘रात्री तू बोलणे. मी सी. समजणे? नादा.’

पिलार वेणीकडे पाहत राहिली. मग तिचा हात तोंडावर गेला. पार्लरची ती सकाळ तिच्या डोळ्यांसमोर उलगडताना मला दिसत होती, एकेक बट खाली पडताना. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

‘मुळीच राग नव्हता?’ तिनं विचारलं. हेही सावकाश.

इथे एक ‘नो’ पुरला असता. पण इतक्या कष्टानं शिकलेल्या भाषेत खोटं कशाला बोलायचं? ‘पोको,’ मी म्हणाले. थोडा. ‘त्याच्यावर. तुझ्यावर नाही.’

‘माझाही,’ ती म्हणाली. ‘माझ्या मुलीवर. घरात ती दोघं मराठीत बोलायला लागली, मला काहीच कळेना.’

‘काय झायं व?’ (काय झालं गं?) लीलाक्कानं विचारलं. मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, तिथे पीठ लागलं. ‘भाकरी येस म्हने ती बी तूच ना? इतल्या वरीस झायात, आनी तू तशीच.’ मग ती पिलारकडे वळली, तिची हनुवटी धरली, आणि माझ्या वेळेला लावला होता तसाच तिचाही क्लास सुरू केला. पहिला धडा तोच, जो मला मिळाला होता. पिलारनं तो मांडे खाता खाता इतक्या वेळा घोकला, की गल्लीतली पोरंटोरंही म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीसगावला आलो. मुंबईच्या गाडीत प्रसाद आणि इरेने जळगावहून बसून येणार होते, पिलार इथून त्यांना मिळणार होती. फलाटावर आम्ही एका बाकावर बसून पेरू खाल्ला. तिनं सोनगीरहून पितळेचा एक तांब्या घेतला होता, तो तिच्या मांडीवर होता. आमचं फारसं बोलणं चाललं नव्हतं आणि ते मला खटकतही नव्हतं. मी एवढी वर्षं समजत होते, भाषा येणं म्हणजे समोरच्याला थांबवावं न लागणं. आता वाटतं, समोरच्याला न लाजता थांबवता आलं की ती आली. शब्द नंतर येत राहतात, सावकाश, आपल्या पायांनी.

गाडी आली. दारात प्रसाद उभा होता, दोघींकडे आळीपाळीनं बघत. पिलार वर चढली, तांब्या त्याच्या हातात दिला आणि वळली. मी एक वाक्य धरणगावपासून जपून आणलं होतं, एकही चूक नसलेलं. ‘आकी तिएनेस तु कासा. बुएल्बे.’ इथे तुझं घर आहे. परत ये.

तिला नीट कळलं होतं. डोळ्यांत दिसत होतं. गाडी हलली तशी ती दांड्याला धरून बाहेर वाकली, कानामागे हात लावला आणि लीलाक्काच्या हेलात म्हणाली,

‘माले समजनं नही. परत सांग.’