गिअरबॉक्सचा कौल कोणी घेतला नव्हता

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळची न्याहारी उरकल्यावर. ठिकाण हळर्ण, आमच्या काजूच्या भाटाखालची, म्हणजे बागेखालची चढण. हजर: पुढच्या सीटवर सासरे. मागे सासूबाई, खतखत्याचा, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्श्याचा टोप दोन पायांत धरून. त्यांच्या समोर माझा नवरा, उंड्यांची, म्हणजे गोल पावांची पिशवी आणि पाण्याचा कॅन घेऊन. मागच्या फळीला टेकून मी. आणि स्टिअरिंगवर माझा धाकटा दीर, ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते.

जीप सासऱ्यांची. तिचे इंजिन संपले होते आणि ती भंगारात द्यायचे त्यांनी ठरवले होते. दीर याच जीपवर गाडी शिकला, शाळेलाही याच जीपमधून गेला. त्याला ते सोसेना. बापाला न विचारता त्याने सिंधुदुर्गातून अपघातात मोडलेल्या एका पिकअपचे टर्बो इंजिन आणले आणि डिचोलीच्या मेकॅनिककडून बसवून घेतले. इंजिन बदलल्याचे कागद माझ्याकडे आले, कारण आमच्या घरी कागद माझ्याकडेच येतात. सासऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. अट घातली.

"पाच माणसां, जेवणाचो टोप, आणि कोणी उतरून ढकलूचा नाय. भाटार पावली तर ऱ्हवात. नाय तर सोमवारी भंगारात."

अडचण इंजिनाची नव्हतीच. नवे इंजिन जुन्याच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचे, आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स मात्र जीपचा मूळचाच. तो किती पेलेल, असे मी मेकॅनिकला स्पष्ट विचारले. मला एक आकडा हवा होता. त्याच्याकडे आकडा नव्हता. कंपनी गिअरबॉक्स आपल्या इंजिनाच्या हिशेबाने करते आणि वर थोडी सूट ठेवते, ती सूट किती हे ती सांगत नाही, असे तो म्हणाला. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरात हेच इंजिन वर्षानुवर्षे चालेल. पण चढण, भरलेली गाडी, पहिला गिअर आणि एकदम दाबलेला पाय, हे चारही एकत्र आले तर दात उडतील.

आमच्या चढणीवर तीन तर आधीच हजर होते. उरला पाय.

दिराला मात्र काळजी नव्हती. तो देवळात जाऊन कौल लावून आला होता. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली होती.

"तू देवाक नेमका काय विचारलंस?" मी विचारले.

"इंजिन नीट बसात काय, म्हणान."

"आणि गिअरबॉक्स?"

"तो जुनोच आसा गो वयनी. तेका काय विचारूचा?"

देवाने विचारले तेवढ्याचे उत्तर दिले होते, आणि इंजिन खरोखरच नीट बसले होते. बाकीचे मी हाती घेतले. सुताराकडून लाकडाचा एक ठोकळा करून आणला आणि अ‍ॅक्सिलरेटरखाली बसवला. पाय अर्ध्याच्या पुढे जाणार नाही, अशी सोय. दिराने ठोकळ्याकडे पाहून विचारले, हा ब्रेक इंजिनाला की मला? मी म्हटले, तुला.

अर्ध्या वाटेपर्यंत जीप शहाण्यासारखी चढली. मग वळणावर, जिथे पावसाने रस्त्याखालचा जांभा दगड उघडा पडलाय, तिथे ती मंदावली. सासरे समोर बघत अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भंगारवाल्याचो नंबर आसा मा तुझ्याकडे?"

दिराने टाचेने ठोकळा उडवला आणि पाय मुळापर्यंत दाबला. जीपने उडी घेतली. खालून सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला आणि पहिला गिअर गेला. त्याने पाय तसाच दाबून दुसरा टाकला. तोही गेला. मग ब्रेक आणि हँडब्रेक.

नवरा सवयीने उतरायला उठला. मी त्याला शर्टाला धरून खाली बसवले. अट अजून मोडली नव्हती.

दिराने बाजूच्या आरशात मागची उतरण पाहिली. मग त्याने जीप ब्रेकवर हळूहळू मागे सोडली, पार पायथ्याच्या सपाटीपर्यंत. तिसरा गिअर शाबूत होता. क्लचचा वास सहन करत त्याने त्यावर जीप वळवून घेतली. आता तिची पाठ भाटाकडे होती. त्याने रिव्हर्स टाकला.

रिव्हर्सही पहिल्याच जातीचा, हळू आणि जोराचा. दाबला असता तर तोही गेला असता. पण या वेळी ठोकळा नसताना त्याचा पाय असा पडत होता, जणू घरात बाळ निजलेय. मागे बसलेल्या आम्हां तिघांमुळे त्याला मागचे दिसेना, म्हणून वाट मी सांगत होते. माझा डावा तो त्याचा उजवा, यावरून आमचे दोनदा वाजले. सासरे दांडा घट्ट धरून, आपण सोडून चाललेल्या पायथ्याच्या नदीकडे बघत बसले होते. त्याच इंजिनाने, त्याच गिअरबॉक्सवर, तेच वळण आम्ही पार केले.

भाटात आधी आम्ही मागच्या सीटवरचे पोचलो, सासरे आणि दीर मागून आले. सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "जल्मात पयल्यांदा मी तुमच्या आदी पावलंय."

सासरे उतरले आणि जीपभोवती एक फेरी मारून आले.

"पाठमोरी आयली," ते म्हणाले.

"बाबा, तोंड फुडे करून चडाक होयी, असा तुमी खंय बोललास?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उंडे मोजत होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले, तर त्या हसू दाबून खतखते वाढत होत्या. शेवटी पान पुढे ओढत ते म्हणाले, "ऱ्हवांदे."

उतरताना सोपे गेले, तोंड आधीच खाली होते. जीप आता अंगणात आहे आणि सोमवारी भंगारवाला आला नाही. पिकअपचा मूळ गिअरबॉक्स मिळेल, असे मेकॅनिकने कळवले आहे. दीर तो बघून आला, मापे माझ्याकडे आहेत. त्याआधी जुना खाली उतरवायचा आहे. उडालेले दात अजून त्याच्या तेलातच पडून आहेत.