कोंडीबाचं पान

सून होऊन हुबाल्यांच्या घरात आल्यापासून मनुबाई एका न पाहिलेल्या माणसाला जेवू घालत होती. आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ कोंडीबा. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडं गेला, तिकडंच मेला. मागं बायको नाही, पोर नाही. सर्वपित्री अमावास्येला पितरांच्या पानांत त्याचं एक पान पत्र्यावर ठेवायचं, आणि खिरीशेजारी तंबाखूची चिमूट. ती नसली तर कावळा शिवत नाही, असं सासू सांगायची. सासू गेली, नवरा गेला. चिमूट चुकली नाही.

आष्ट्याजवळच्या त्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली फरशी आहे. किती लढाईला गेले, किती परतले नाहीत, एवढंच तिच्यावर आहे. माणसं मेली, आकडा राहिला. यंदा गावानं नावांचा दगड बसवायचं ठरवलं.

मनुबाईची नात क्रांती अमेरिकेत असते. तिनं तिथं बसून इंग्रजी पलटणींचे जुने कागद धुंडाळले. बसऱ्याला मेलेल्यांत हुबाले आडनाव कुठंच नव्हतं. होता तो कोंडीबा सिद्धू शेवाळे. गाव हेच.

दगडाच्या कमिटीत लालासाहेब शेवाळ्यांचा शब्द चालायचा. चावडीपुढं बैठक भरली तेव्हा त्यांची छाती आधीच फुगली होती.

"वैनी, कागदच बोलतोय. आमचा मानूस हाय."

"कागदाला काय, सांगंल तसं बोलतोय. बाप सोडंना म्हणून मामानं सातारला न्हेला. माजंच प्वार हाय म्हणून भरती केला. त्यो मामा म्हंजे तुमचा पणजा सिद्धू."

"मग भरती आमच्या नावानं, आन् मान तुमास्नी व्हय?"

"आवं वैनी, म्हातारपणी कशाला भांडताय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चारदोघं हसले.

मनुबाई हसणं संपेपर्यंत थांबली.

"लालाभावजी, एकच इचारते. सर्वपित्रीला तुमच्यात कुणाकुणाची पानं घालत्यात?"

लालासाहेबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. पणजा सिद्धू, आजा, वडील, लहानपणी विहिरीत गेलेला चुलता. मग ते अडखळले. खोटं बोलले असते तरी कोण बघायला येणार होतं? पण जिवंत माणसाची जमीन दाबणारासुद्धा त्या गावात मेलेल्याच्या घासाबद्दल खोटं बोलत नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "कोंडीबाचं पान आमच्यात कवाच घातलं न्हाई."

लालासाहेब उठले आणि दगड घडवणाऱ्या धनाजीला म्हणाले, "हुबाले कोर रं."

"आन् त्याखाली सिद्धू शेवाळ्याचा भाचा, असंबी कोर," मनुबाई म्हणाली. "मामा नसता तर गडी गेला नसता."

"मग मेलाबी नसता, वैनी."

"व्हय," मनुबाई म्हणाली.

धनाजीनं छिन्नी लावली. ऊन चढत होतं. लालासाहेबांनी खुर्ची सावलीत ओढली, मनुबाईला बसायला दोनदा हाक मारली. ती पदर खोचून ताठ उभी होती. शेवटचं अक्षर होईपर्यंत ती जागची हलली नाही.