बिघडलं सोल्यूशन, नाव गजाननचं

माणूस गेला की त्याच्या चुका थांबायला पाहिजेत. आमच्या दादाच्या वाढायल्यात! टपरीवर एक सांगायला घेतली की दुसरी आठवते, आणि डोकं फिरतं.

गजानन माझा मोठा भाऊ. बिडकीनजवळच्या एका कॉलेजात केमिस्ट्री लॅबचा अटेंडंट. दिवाळीआधी त्याला टँकरनं उडवलं. त्याच्या जागी तात्पुरतं मला घेतलं. मी आठवी नापास. केमिस्ट्रीचे सबनीस सर सांगतात तसं सोल्यूशन करतो. बिघडलं की नाव दादाचं!

*

सिल्व्हर नायट्रेट करायचं होतं.

"सर, डिस्टिल वॉटर संपलं."

"जारचं घे. आपण पितोच की!"

घेतलं. पावडर पडताच पाणी ताकासारखं पांढरं! सर म्हणाले, "बाटलीच घाण. गजाननच्या वेळची असणार."

बाटली मी त्याच सकाळी नव्या खोक्यातून काढली होती!

*

मग मोरचूद. सगळ्या वर्गाला सेल बनवायचे, म्हणजे निळं पाणी भरपूर पाहिजे.

"बादलीतच कर," सर म्हणाले.

"सर, पत्र्याची हाय."

"मग काय सोन्याची आणू?"

दुपारपर्यंत निळा रंग उडाला आणि बादली आतून तांबूस-काळी! "गजाननने भेसळीचं मोरचूद आणून ठेवलंय," सर म्हणाले.

गंगापूरची एक पोरगी उठली. "सर, डबा तर तुम्ही सकाळीच आमच्यासमोर फोडला."

"निरीक्षण वहीत लिहायचं असतं. तोंडानं नाही!"

*

एकदा सर पंख्याखाली झिंक सल्फेट मोजायला बसले. पावडर उडाली ती थेट मिशीत.

"हा पंखा इथं कुणी लावला रे?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "गजाननने!"

पंखा दादा नोकरीला लागायच्या आधीपासून तिथं आहे. सर म्हणाले, "वाटलंच मला!"

*

आई रोज दारातच विचारते, "कॉलेजात दादाचं नाव काढतेत का रे?"

"काढतेत की. रोज!"

तिला बरं वाटतं. मी हातपाय धुवायला मोरीत जातो आणि नळ मोठा सोडतो.

*

परवा प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आलेले. पोरांनी सेल जोडले, पण एकाही मीटरचा काटा हलेना! सरांनी वायरी काढून लावल्या, पट्ट्या घासल्या, सोल्यूशन बदललं. काटा तिथंच. परीक्षक घड्याळ बघायले. सरांचा शर्ट पाठीला चिकटला.

मी आत स्टोअरमध्ये बीकर धूत होतो.

सर दाराकडं वळून ओरडले, "गजानन! अरे गजानन, लवकर ये बाबा!"

मी बीकर खाली ठेवला.

"आलो सर," मी म्हणालो.