कुलपाची गोधडी

कुणी समोर आलं की काकी आधी तोंडाकडे बघायची नाही. पदर, ओढणी, सदऱ्याची बाही, जे हाताशी येईल ते चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळून बघायची आणि विचारायची, "हे कधी टाकनार हाय?"

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी तिनं माझी पिवळी ओढणी अशीच धरली. ओढणी नवी कोरी होती. मी तसं सांगितलं तर म्हणाली, "हा, मंग थांबेन मी."

तुम्ही सकाळी भिवंडीजवळ मानकोलीच्या नाक्यावर उभे राहिलात तर कामतघरकडून येणाऱ्या शेअर रिक्षा दिसतील, आणि त्यांत डबे मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलेल्या बायका. त्यांतल्याच एका रिक्षातून आम्ही जायचो. तिथल्या एका गोडाऊनमध्ये मी कॉम्प्युटरवर बिलं काढायचे, काकी पॅकिंगला असायची. तिचं नाव हजेरीपुरतं. सगळ्यांची ती काकीच.

मूळची ती वज्रेश्वरीच्या पुढच्या एका खेड्यातली. शेतावरची पोर लग्न होऊन आली ती थेट पॉवरलूमच्या खडखडाटात. नवरा लूमवर होता. त्या आवाजात आयुष्य काढून त्याचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. लूमचा मालक सेठ म्हणाला, यात माझा काय दोष? त्या रागात काकीनं पहिली बोलकी गोधडी शिवली. 'बोलकी' हा शब्द माझा, ती नुसतं गोधडीच म्हणायची. लूमवरच्या खराब कापडाचे उभे-आडवे पट्टे आणि मधोमध एक मोठा कान, काळ्या दोऱ्यानं पार शिवून बंद केलेला.

"काका पांघरतात ही?" मी विचारलं.

"रोज. पन कान पायाकडं घेतात. म्हनतात, सोताकडं किती बघायचं."

लॉकडाऊनमध्ये लूम थांबले आणि शेजारची बिऱ्हाडं गावाकडं चालत निघाली, तेव्हा तिनं एका गोधडीवर नुसत्या चपला शिवल्या. लहान, मोठ्या, अंगठा तुटलेल्या. माणसं एकही नाही. मी म्हटलं, "काकी, माणसं कुठायत?" ती दोरा तोडत म्हणाली, "पुढं गेली."

पण मला सांगायचं आहे ते आमच्या गोडाऊनमधल्या गोधडीबद्दल.

तिथं बायकांसाठी एकच संडास होता आणि त्याला कुलूप असायचं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. बायका आत जाऊन वेळ काढतात, असं त्याचं म्हणणं. किल्ली मागायला गेलं की तो आधी फोनवर बोलत राहायचा आणि मग सगळ्यांदेखत म्हणायचा, "अभी तो गयी थी." हळूहळू बायकांनी किल्ली मागणं सोडलं. मग पाणी पिणंही सोडलं. भर उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली.

शबनम आमच्यात सगळ्यात लहान. तिचे अब्बा उत्तर प्रदेशातून लूमवर कामाला आलेले. एक दिवस खोका उचलता उचलता ती खाली बसली ती उठेचना. अंगात ताप, कमरेत कळा. दवाखान्यात कळलं की लघवी धरून धरून जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. बरी होऊन ती कामावर आली तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, "इतने दिन कहाँ थी?" काकी शेजारीच खोक्याला टेप लावत होती. ती टेप तिनं दातानं तोडली.

दुसऱ्या दिवशी रिक्षात तिनं एकेकीला विचारायला सुरुवात केली. "त्या कुलपापायी ज्या दिशी तुझे हाल झाले, त्या दिशी अंगावर काय होतं? ते आन."

मला वाटलं होतं, कुणाला आठवणार आहे. सगळ्यांना आठवत होतं. एकीनं पेटिकोटाची पट्टी आणली, एकीनं ब्लाऊज. शबनमनं दवाखान्यात घातलेल्या कुर्त्याची बाही कापून आणली. माझ्याकडे होती एक पांढरी सलवार. पाळीच्या दिवशी किल्ली मिळेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं, आणि ओढणी कमरेला गुंडाळून, वहीचा पुठ्ठा खाली घेऊन मी रिक्षातून घरी आले होते. आईलाही सांगितलं नव्हतं. ती सलवार मी घासून घासून धुतली, तरी डाग राहिलाच.

"दुसरं काही देऊ का?" मी काकीला विचारलं.

तिनं कापड उजेडात धरलं. "राहू दे की डाग. तुझा न्हाय ह्यो, कुलपाचा हाय."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही तिच्या खोलीत घालवले. काका चहा करायचे. आमचं काही ऐकू येत नसलं तरी हसणाऱ्या बायका बघून तेही हसायचे. गोधडीच्या मध्यावर निळ्या ताडपत्रीचं दार होतं, दारावर काळ्या कापडाचं भलंमोठं कुलूप. भोवती आम्ही सगळ्या, जिच्या तिच्या कापडातून कापलेल्या. प्रत्येकीच्या पायांची अढी घट्ट आवळलेली. ते पाय बघून आधी सगळ्या पोट धरून हसल्या. मग एकेक आपापलं कापड चाचपायला लागली.

"सुपरवायझर कुठाय यात?" मी विचारलं.

"त्याच्यावर कापड कशाला घालवू?" काकी म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही ट्रक लागतात त्या धक्क्यावर पुठ्ठे टाकून बसायचो. एके दिवशी काकीनं पुठ्ठ्यांऐवजी ती गोधडी पसरली आणि आम्ही चारी कडांवर डबे घेऊन बसलो. थांबलेले ड्रायव्हर गोळा झाले. कुणी हसलं, कुणी शिवणारीचं नाव विचारलं. एका म्हाताऱ्या सरदारजी ड्रायव्हरनं बराच वेळ बघून विचारलं, "ये ताला किसने लगाया है, बहनजी?" मग त्यानं स्वतःच वळून कोपऱ्यातल्या संडासाच्या दाराकडे पाहिलं.

सुपरवायझर धावत आला. "ये क्या तमाशा है? उठाओ इसको."

"गोधडी हाय, साहेब. जेवतोय," काकी म्हणाली.

"इसमें लिखा क्या है?"

"काय बी न्हाय लिहिलेलं. बघा की."

त्यानं वाकून गोधडीचा कोपरा धरला आणि ओढला. गोधडी हलली नाही. चारी बाजूंनी बायका बसल्या होत्या आणि कुणीही उठत नव्हतं. माझ्या डब्यातली भाजी गोधडीवर सांडली, पण मीही उठले नाही. त्यानं आणखी एकदा ओढून पाहिलं. मग ड्रायव्हर बघताहेत हे ध्यानात आलं तसा तो कोपरा सोडून निघून गेला.

त्यानंतर गोधडी रोज यायला लागली. आणि एका दुपारी ज्यांचा माल आम्ही पॅक करायचो त्या कंपनीची माणसं पाहणीला आली. त्यांच्यात एक मॅडम होत्या. धक्क्यावरून जाताना त्या थबकल्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आम्हाला वाटलं, काकी बोलेल. काकीनं शबनमकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

शबनम उभी राहिली. मग म्हणाली, "मैडम, हम लोग पानी नहीं पीते."

बाकीचं तिनं दोन-चार वाक्यांत सांगितलं. मॅडमनी तिच्याशी वाद घातला नाही की कळवळाही दाखवला नाही. त्या सरळ संडासाच्या दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मला जायचंय. किल्ली आणा." सुपरवायझर जेवायला बाहेर गेला होता, किल्ली खिशात घेऊन. त्याला फोन लावले, माणूस पाठवला. मॅडम बंद दारासमोर उभ्या राहिल्या, मग फेऱ्या मारायला लागल्या, मग पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबरचे पुरुष घड्याळाकडे बघत होते. आम्ही आमचं जेवण संपवलं.

त्याच आठवड्यात कुलूप निघालं. पावसाळ्याच्या आत नवे दोन संडास बांधून झाले, नळासकट. पाण्याचा पिंप पॅकिंगच्या टेबलांजवळ आला.

आणि महिनाअखेर आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदारानं काकीला सांगितलं, काम कमी झालंय, उद्यापासून येऊ नका. काम कमी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या गेटबाहेर उभ्या राहिलो. हे कळल्यावर काकी रिक्षा करून तिथं आली आणि आमच्यावरच चिडली. "मना कुठं बी काम मिळंल. तुमी बाहेर बसल्या तर नव्या बाया आनतील, नि परत कुलूप लावतील. जावा आत." शबनम रडत होती. काकीनं तिला पाठीत हलकासा धपाटा घातला आणि गेटपर्यंत चालवत नेलं. आम्ही आत गेलो. त्या दिवशी नव्या नळाचं पाणी मला गोड लागलं नाही, हे खरं सांगते.

पुढं ठाण्यात गोधड्यांचं एक प्रदर्शन भरलं, त्यासाठी भरवणाऱ्यांनी ती गोधडी मागून नेली. काकीला घेऊन आम्ही बघायला गेलो. भिंतीवर टांगलेली, वरून दिवे सोडलेले. काकी खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "उभी कशापायी ठेवलीय हिला? दमंल की."

एका बाईंनी अदबीनं विचारलं, "आजी, यातून तुम्हाला काय सांगायचंय?"

"कुलूप दिसतंय का?"

"हो, दिसतंय."

"मंग झालं."

काकांची तब्येत खालावली तशी दोघं कामतघर सोडून तिच्या गावी, भावाकडे राहायला गेली. एका रविवारी मी आणि शबनम एसटीनं भेटायला गेलो. तीच शेवटची भेट. पुढच्या हिवाळ्यात काकी गेल्याचा निरोप आला.

भेटीच्या त्या रविवारी ती आम्हाला वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर घेऊन गेली. दुपारची गर्दी ओसरली होती. आम्ही तिघी पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलो. गावात पाण्याच्या टाकीवरून काय भांडण चाललंय ते काकी सांगत होती. कुणाच्या शेताला पाणी जातं, कुणाच्या दाराशी नळ कोरडा. सांगता सांगता अर्ध्या वाक्यातच तिचा डोळा लागला. मान शबनमच्या खांद्यावर आली. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, रिकामे. ते तसे आम्ही कधीच पाहिले नव्हते. बोटांची टोकं सुईनं जाळी पडल्यासारखी झाली होती.

वर रस्त्यावर आमच्या परतीच्या, भिवंडीच्या गाडीचा हॉर्न वाजला. शबनमनं जराही न हलता माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "उठाऊँ?"

मी मान हलवून नको म्हटलं. गाडी गेली. पाण्यातून वाफ येत होती, आणि आम्ही तशाच बसून राहिलो.